बोकडाला नाव ठेवायचं नाही



मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला वेल्ह्याच्या बाजूला एका गटाची बैठक होती. विषय शेळीच्या कर्जाचा. एका नव्या सुनेनं दोन शेळ्यांसाठी मागणी केली होती. हप्ता किती बसेल, विमा काढायचा का, पशुसखी लसीला कधी येणार, हे सगळं बोलून झालं. ठरावावर सह्या चालल्या होत्या, तेव्हा गटातल्या सगळ्यांत जुन्या मावशी तिला म्हणाल्या, "शेळीला काय हाक मारायची ती मार. बोकडाला तेवढं नाव ठेवू नको."

सगळ्या हसल्या. मी पण हसले आणि इतिवृत्त लिहायला लागले. पण परत येताना गाडीवर ते वाक्य डोक्यातून जाईना. कर्जाच्या अर्जात, प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत, बँकेच्या फॉर्मात हा नियम कुठंच लिहिलेला नाही. आणि शेळी पाळणाऱ्या प्रत्येक बाईला तो माहीत आहे.

त्यानंतर मी भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या बैठकांना गेले की काम झाल्यावर सहज विचारायचे, तुमच्या शेळीचं नाव काय? उत्तरं पटापट येतात. चंद्री, भुरी, राणी, ढवळी. एका घरी तर आजीच्या शेळीचं नाव सरपंच होतं, कारण ती सगळ्यांच्या आधी गोठ्यात शिरते. मग विचारायचं, आणि बोकडाचं? "बोकडाला कशाला नाव?" "ते आखाडाचं." "ते जत्रंचं." एका ताईंनी तर सांगितलं, "ते हप्त्याचं." म्हणजे नाव नाही, पण कशासाठी आहे ते आधीच ठरलेलं.

या अंकात मला याबद्दलच लिहायचं आहे. ज्या जनावराला आपण रोज पाला घालतो, ज्याचं करडू थंडीत गोधडीखाली घेतो, त्याच्या जातीचं मटण खाताना आपलं मन काय करतं? आणि हे जाणून आपल्याला काय उपयोग? उपयोग आहे. ते पुढं सांगते.

शहरातल्या माणसांचे याबद्दल दोन समज असतात. एक, गावातली माणसं रोज कापाकापी बघून निबर झालेली असतात, त्यांना काही वाटत नाही. दुसरा, ज्याला जनावराची माया आहे तो मांस खाणारच नाही. दोन्ही समज तुमच्या दारात आले की टिकत नाहीत. शेळी अडली म्हणून रात्रभर गोठ्यात बसणारी बाईच आखाडात रस्सा करते. निबर असती तर गोठ्यात बसली नसती, आणि मायेनं मांस सुटत असतं तर चूल पेटली नसती.

या विषयावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. प्राण्यावर जीव आहे आणि मांसही आवडतं, या अडचणीला तिकडं 'मीट पॅराडॉक्स' म्हणतात. आपण त्याला मांसाचा पेच म्हणू. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग छापला. काही जणांना खायला वाळवलेलं गोमांस दिलं, काहींना काजू. नंतर दोघांनाही प्राण्यांबद्दल प्रश्न विचारले. ज्यांनी मांस खाल्लं होतं त्यांनी गाईला कमी नैतिक मोल दिलं, आणि काळजी करण्यालायक प्राणीही कमी मोजले. गंमत बघा, प्राणी तोच, माणसंही सारखीच. फक्त तोंडात घास काय होता त्यावर मत बदललं. म्हणजे मतामुळं आपण खातो एवढंच खरं नाही, खातो म्हणून मतही तसं करून घेतो.

दुसरा अभ्यास नॉर्वेतल्या संशोधकांचा, २०१६ सालचा. भाजलेल्या डुकराचा फोटो दाखवला, एकात मुंडकं होतं, एकात काढलेलं. मुंडकं दिसलं की लोकांना त्या प्राण्याची जास्त कणव आली, किळसही आली आणि खायची इच्छा कमी झाली.

हे वाचून मला हसू आलं. आपल्याकडं मुंडी वेगळी मागून घेतात! मुंडीचा रस्सा, पाया, वजडी, कलेजी यांची आधी सांगून ठेवावी लागते, नाहीतर मिळत नाही. डोकं दिसलं म्हणून कुणाचं जेवण सुटलेलं मी बघितलं नाही. पण नीट विचार केला तर अभ्यास खोटा नाही. तो अशा माणसांवर झालाय ज्यांनी मांस बघितलं ते दुकानातल्या पांढऱ्या ट्रेमध्ये, वर प्लास्टिक लावलेलं. त्यांच्यासाठी पेच सोडवण्याचा मार्ग एकच, प्राणी नजरेआड करायचा. मी पुण्यात शिकायला होते तेव्हा मीही तेच करायचे. काळ्या पिशवीत चिकन यायचं, कोंबडी कधी यायचीच नाही.

तुम्हाला ही सोय नाही. प्राणी दारातच बांधलेला आहे. मग तुम्ही काय करता? तुम्ही लपवत नाही, तुम्ही नियम करता. मला फिरता फिरता जे कळलं ते एवढंच, आणि नाव न ठेवणं हा त्यातला पहिला नियम.

दुसरा नियम शब्दांचा. अंगणात कोंबडी आणि बकरं, ताटात चिकन आणि मटण. जुन्या बाया सागुती म्हणतात, वशाट म्हणतात. त्यात जनावराचं नावच नाही. हे फक्त आपलंच नाही बरं का. मटण हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, आणि इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ साधा मेंढी असा आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वी इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांचं राज्य आलं. मेंढ्या राखणारे आपल्या भाषेत शीप म्हणत राहिले, मेजवानीला बसणाऱ्यांचा मटण शब्द ताटात राहिला. पाळणाऱ्याचा शब्द वेगळा आणि खाणाऱ्याचा वेगळा. आपल्याकडं मात्र पाळणारी आणि रांधणारी एकच बाई असते, त्यामुळं दोन्ही शब्द तिच्याच तोंडात. गोठ्यातून चुलीपर्यंत येताना ती शब्द बदलते.

तिसरा, कापायचं ते आपल्या हातानं नाही. गावगाड्यात हे काम मुलाण्याकडं किंवा खाटकाकडं असायचं, आणि त्याचा वाटा ठरलेला असायचा. धर्माची, हलाल-झटक्याची कारणं त्यात आहेतच. पण एक मावशी मला म्हणाल्या, "ज्या हातानं पाला घातला त्या हातानं सुरी कशी धरायची?" मला ते कारणही तितकंच खरं वाटतं.

चौथा नियम मला सगळ्यांत जास्त ठिकाणी दिसला. आपलं आपण खायचं नाही. घरचा बोकड बाजारात जातो आणि पाहुणे आले की मटण विकत आणलं जातं. हिशोबानं बघितलं तर हा शुद्ध वेडेपणा आहे. स्वस्तात विकायचं आणि महागात आणायचं. मी एकदा एका गटात कागदावर तसं मांडूनही दाखवलं होतं. बायांनी ऐकून घेतलं, आणि एकीनं शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं आहे का शेळी?" माझ्याकडं नाही. मी कागद घडी करून ठेवला.

खेकड्यांना आणि चढणीच्या माशांना यातला एकही नियम लागत नाही, हे लक्षात आलंय का तुमच्या? पहिल्या पावसात ओढ्याला पोरं पळतात, रात्री बॅटऱ्या घेऊन खेकडे धरतात, आणि कुणाच्या मनात काही येत नाही. खेकड्याला कुणी पाला घातलेला नसतो. कातकरी वस्तीवरच्या एका ताईला मी विचारलं तर ती म्हणाली, "आम्ही पाळत नाही, म्हणून आम्हाला तुमच्यासारखं रडायला येत नाही." तिनं ते चिडवायला म्हटलं, पण सांगायचं ते सांगून गेली. रक्त बघितल्यानं मन अडत नाही, सांभाळल्यानं अडतं.

आपल्याच डोंगरात याचं एक जुनं उदाहरण आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी चाळीसेक वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या गवळी धनगर आणि कुणबी यांच्याबद्दल लिहून ठेवलंय. कुणबी खालच्या खोऱ्यांत भाताची शेती करायचे, जनावरं ठेवायचे ती मुख्यतः नांगरापुरती, आणि मांसासाठी शिकार करायचे. गवळी धनगर वर माथ्याला राहायचे, म्हशींचे आणि गुरांचे मोठे कळप राखायचे, ताकावर जगायचे आणि लोणी देऊन खालून धान्य घ्यायचे. शिकार ते क्वचितच करायचे. म्हणजे ज्यांच्याकडं जनावरं सगळ्यांत जास्त तेच मारण्यापासून लांब. यात नुसती माया नाही, हिशोबही आहे. दूध देणारी म्हैस जिवंत असेपर्यंतच घर चालवते. माया आणि हिशोब एकाच दाव्याला बांधलेले असतात, त्यातलं कुठलं आधी हे सांगणं अवघड आहे. बैलाचंही तसंच. ज्याच्या खांद्यावर शेत उभं आहे त्याला बेंदराला पुरणपोळी भरवायची असते. चिखलणीला आता पॉवर टिलर आलेत, पण पोळी चुकत नाही.

पाचवा नियम देवाचा. नवसाच्या बकऱ्याच्या अंगावर पाणी शिंपडतात आणि त्यानं अंग झाडलं की देवीनं मानून घेतलं असं समजतात. तुमच्यातल्या बहुतेकींनी हे बघितलं असेल. नाही झाडलं तर पुन्हा पाणी, पुन्हा हात जोडणं. मी लहान असताना मला ते भीतिदायक वाटायचं. आता वाटतं, मारण्याआधी त्या जनावराला विचारलं पाहिजे असं ज्या कुणाला पहिल्यांदा वाटलं, तो बकरी पाळणारा असणार. ते उत्तर खरं असतं का, हा प्रश्न वेगळा. गार पाणी पडलं की कुणीही अंग झाडतं.

आणि हा प्रश्न आपल्याकडं विचारला गेलाच नाही असं नाही. गाडगे महाराजांचं लहानपण विदर्भात मामाच्या घरी गुरं राखण्यात गेलं. पुढं मुलीच्या बारशाला त्यांनी बिरादरीची दारू-मटणाची पद्धत मोडली आणि गोड जेवण घातलं. लोक नाराज झाले. नंतर आयुष्यभर कीर्तनातून ते नवसाच्या बकऱ्या-कोंबड्यांविरुद्ध बोलत राहिले. कर्ज काढून देवाला बकरं देऊ नका, हे ते ज्या लोकांना सांगत होते ती जनावरं पाळणारीच माणसं होती. गुरं राखल्यामुळंच ते असे झाले असं मी म्हणणार नाही. गुरं राखणारी बाकीची पोरं काही गाडगे महाराज झाली नाहीत.

आपल्या भागातली गोष्ट मांढरदेवीची. काळूबाईला भोरवरून घाट चढून आपल्यातल्या कितीतरी जणी जातात. २५ जानेवारी २००५ ला यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळजवळ ३०० माणसं गेली. त्या दुर्घटनेनंतर गडावर पशुहत्येला बंदी आली. नवस थांबले नाहीत, पण काही घरांत आता गोडा नैवेद्य होतो, काही घरांत बकरं खाली किंवा घरीच होतं. एका आजींनी मला सांगितलं की पहिल्या वर्षी पुरणपोळीचा नैवेद्य नेताना त्यांना देवी रागवेल अशी भीती वाटली. दुसऱ्या वर्षी नाही वाटली. बंदीनं जे झालं ते सवयीनं टिकलं.

आता उपयोगाचं सांगते म्हटलं होतं, ते.

बैठकांमध्ये मी शेळीच्या नावानंतर दुसरा प्रश्न विचारायचे. ताई, तुम्ही खाता का? कितीतरी जणी नाही म्हणतात, आणि त्यांच्या 'नाही'मध्ये चार-पाच वेगळी कारणं असतात. कुणाच्या गळ्यात माळ असते. त्या घरात बाकीच्यांसाठी वेगळ्या भांड्यात, कधी वेगळ्या चुलीवर करतात आणि स्वतः भाकरी-पिठलं खातात. कुणाला वासच नको वाटतो. कुणी म्हणते, "माझ्या हातचं हाय, घास उतरत न्हाई." आणि थोडा वेळ गेला, चहा झाला, की कुणीतरी हळूच म्हणते, "उरतंच कुठं?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २९.४ टक्के बायकांनी सांगितलं की त्या मासे, चिकन, मटण कधीच खात नाहीत. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण १६.६ टक्के आहे. एकाच देशात, एकाच घरात राहणाऱ्या माणसांमध्ये एवढा फरक. बायका जास्त मायाळू असतात म्हणून, असं म्हणणं सोपं आहे आणि ऐकायलाही बरं वाटतं. पण जेवण वाढताना कोण कधी बसतं ते तुम्हाला माहीत आहे. आधी पाहुणे, मग घरातले पुरुष, मग पोरं. नळी जावयाला, पीस मुलाला, सासूला कलेजी. शेवटी पातेल्यात राहतो तो रस्सा, तो भातावर घेऊन बाई उठते आणि म्हणते, मला आवडत नाही.

एका ताईची गोष्ट सांगते, तिची परवानगी घेऊनच. बारा वर्षं ती सासरी मटण खात नाही. सगळ्या गावाला माहीत आहे की तिला शेळ्यांची फार माया, म्हणून ती खात नाही. मी तिला विचारलं, कधीच नाही का? ती थांबली, मग म्हणाली, "माहेरी खाते." का? "तिथं मी पाळलेलं नसतं." परत थांबली. "आणि तिथं आई मला ताट वाढून देते." यातलं खरं कारण कुठलं ते मी तिला विचारलं नाही. तिला दोन्ही खरी वाटत असणार. मला पण वाटतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या 'नाही'कडं प्रत्येकीनं एकदा नीट बघावं. माळ असेल, मनापासून नको असेल, जीव तुटत असेल, तर तो तुमचा निर्णय आहे आणि त्याच्यावर कुणी बोट ठेवायचं कारण नाही. ना घरच्यांनी, ना गटानं, ना माझ्यासारख्या मॅडमनं. पण न वाढलेल्या ताटाला मायेचं नाव दिलेलं असेल तर ते कमीत कमी स्वतःला तरी माहीत असावं.

कारण त्याचा हिशोब रक्तात लागतो. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणींचा गट असेल तर पाचांच्या वर. मांसातलं, विशेषतः कलेजीतलं लोह अंगाला लवकर लागतं, पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं कमी लागतं. याचा अर्थ मांस खाल्लंच पाहिजे असा नाही. ज्या खात नाहीत त्यांनी दुसरी सोय करायची. मोड आलेली मटकी, राजगिरा, हळीव, पालेभाजी, आणि त्यावर लिंबू पिळायचं, कारण आंबटामुळं लोह जास्त शोषलं जातं. जेवणाला लागून चहा नको, तो उलटं करतो. उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या पोट बिघडतं म्हणून कपाटात ठेवू नका. आशाताईंना सांगा, कशा घ्यायच्या ते त्या सांगतील. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींनी तर हे टाळूच नये.

अंड्याचं वेगळं सांगते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. आपल्या गटांमध्ये गावरान कोंबड्या कितीतरी जणींकडं आहेत, अंड्यांना भाव पण चांगला मिळतो. त्यामुळं झालंय असं, की खुराडं आपल्या दारात आणि अंडी सगळी बाजारात. एका ताईनं यावर स्वतःच तोडगा काढलाय. बुधवारची अंडी विकायची नाहीत. त्या दिवशी जेवढी निघतील ती घरात, आणि पहिलं तिच्या ताटात. सासूबाई आधी बोलल्या, आता बोलत नाहीत. कारण आता सासूबाईंनाही एक मिळतं.

विकण्याबद्दल पण थोडं. शेळी बाईच्या नावावर, कर्ज बाईच्या नावावर, पण बोकडाचा सौदा करायला व्यापारी येतो तेव्हा बोलतो घरातल्या पुरुषाशी. बाई कामाला किंवा पाण्याला गेलेली असते, परत येते तर दावं मोकळं. हे मी दोन-तीन ठिकाणी ऐकलं. एक मैत्रीण म्हणाली, "मी ठरवून विकलं तर रडू येतं, पण राग येत न्हाई. मला न विचारता नेलं की दोन्ही येतं." अर्धलीवरच्या शेळ्यांचं तर विचारूच नका, तिथं मालक कधी दावं सोडेल सांगता येत नाही. अर्धली करताना करडं कुणाची, बोकड कधी आणि कुणी विकायचा, हे दोन साक्षीदारांसमोर कागदावर घ्या. आणि आखाडात भाव चढतो तेव्हा उक्तं विकू नका, वजनावर द्या. काटा ग्रामसंघात आहे का बघा, नसेल तर तसा ठराव करा.

पोरांचा विषय राहिला. मला याबद्दल सगळ्यांत जास्त काळजी वाटते.

एका घरी चौथीतला मुलगा बोकडाबरोबर वाढला. आजीनं सांगूनही त्यानं त्याचं नाव ठेवलं. मुलगा शाळेत असताना बोकड गेला. आईनं त्याला सांगितलं, हरवलं. तो तीन दिवस ओढ्याच्या काठानं हाका मारत फिरला. चौथ्या दिवशी शाळेतल्याच एका पोरानं त्याला खरं सांगितलं. तो बोकडासाठी रडला नाही, आईशी बोलायचा थांबला. आईनं मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं त्याला त्रास नको."

अमेरिकेत चार ते सात वर्षांच्या मुलांना विचारलं की कुठला पदार्थ कशापासून होतो, तर डुकराच्या मांसाचा एक पदार्थ झाडापासून होतो असं सुमारे ४० टक्के मुलांनी सांगितलं. आपल्या पोरांना असा घोळ होत नाही, त्यांना सगळं माहीत असतं. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की ९ ते ११ वर्षांची मुलं पाळीव कुत्रा आणि गोठ्यातलं डुक्कर यांच्यात मोठ्या माणसांएवढा फरक करत नाहीत. हा फरक आपण मोठं होताना शिकतो. मावशींचा नाव न ठेवण्याचा नियम हाच तो धडा आहे, फक्त तो मुलांना कुणी सांगत नाही, त्यांच्यावर एक दिवस कोसळतो.

म्हणून बोकड विकायचा असेल तर पोरांना आधी सांगा. खोटं सांगू नका. जमलं तर त्यांच्या हातात पाट द्या सांभाळायला, ती घरात राहते. आणि एखाद्या पोरानं काही दिवस, काही वर्षं मटण खाल्लं नाही तर जबरदस्ती करू नका, चिडवू पण नका. मुलगा असेल तर "बाई हाय का तू" असं म्हणतात, ते तर बिलकूल नको. त्याला अंडं, मटकी, शेंगदाणे द्या. तो परत खाईल किंवा खाणार नाही.

आता एक नवी गोष्ट आपल्याकडं वाढतेय, ब्रॉयलरची शेड. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते, आपण शेड आणि कष्ट घालायचे, आणि साधारण चाळीस दिवसांत पक्षी भरून जातात. पाच हजार पक्ष्यांत कुणाला नाव ठेवणार? तिथं नियम लागत नाहीत, कारण पेचच पडत नाही. तिथं शब्द असतो मरतुक, आणि ती आकड्यात मोजतात. शेड सांभाळणारी एक ताई घरी गावरान कोंबड्या पण ठेवते. मी विचारलं, दोन्हीत फरक काय? ती म्हणाली, "तिथं मी कामाला जाते. इथं मी घरी येते." घरची कोंबडी मेली तर ती दोन दिवस हळहळते, शेडमधल्या मेलेल्या ती बादलीत भरून पुरते आणि वहीत लिहिते. बाई एकच आहे. तिला या कामात पैसे मिळतात आणि ते तिनं करू नये असं मी म्हणणार नाही. पण शेडला कर्ज घेताना पिल्लांची संख्या, मरतुकीचा भार कुणावर आणि किलोमागं किती मिळणार, हे करारात वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मला बोलवा, मी येते.

पुढच्या मासिक बैठकीत मी हे तीन प्रश्न घेऊन येणार आहे. तुमच्या घरात मटण झालं तेव्हा तुम्ही कितव्या पंगतीला बसलात? मागच्या महिन्यात तुमच्या कोंबड्यांची किती अंडी तुमच्या ताटात आली? आणि शेवटचा बोकड विकला तेव्हा सौद्याला तुम्ही होतात का? नाव सांगायचं नाही, चिठ्ठीवर फक्त आकडा किंवा हो-नाही लिहायचं. लिहिता येत नसेल तर खडे टाकू, दोन डबे ठेवते.

आणि त्या नव्या सुनेच्या शेळ्या आल्या. एक व्यालीही, दोन करडं, एक पाट आणि एक बोकड. परवा लसीकरणाला गेले होते. पाटीचं नाव चिमणी ठेवलंय. बोकड तिच्या पदराला तोंड लावून ओढत होता आणि ती त्याला म्हणत होती, "ए, हो तिकडं." तेवढंच म्हणत होती, पण फार वेळ म्हणत होती.

— तुमची क्षेत्र समन्वयक